मोबाईलविना खात्याला दुसरी कडी

गेल्या महिन्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच अडचणीविषयी होती. ऑनलाइन खात्याला पासवर्डाच्या जोडीला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावावयाची आहे, परंतु हाताशी मोबाईल नाही, किंवा आहे तो त्या वेळी उपयोगाचा नाही. त्यामुळे या अंकात इतर विषय बाजूला ठेवून ही पाच पत्रेच घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सत्तरी तालुक्यातील एका गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. घरी संगणक, इंटरनेट आणि जुना लँडलाईन फोन आहे. मोबाईल मी कधी घेतला नाही, आणि घराच्या तिन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे घेतला तरी रेंज मिळणार नाही. माझ्या जीमेल खात्यात देवस्थान समितीचा पत्रव्यवहार आणि नातेवाइकांकडून वर्षानुवर्षे गोळा केलेली आमच्या घराण्याची वंशावळ आहे. अलीकडे समितीच्या एका सभासदाचे खाते कोणीतरी उघडले आणि त्यातून आम्हां सर्वांना पैशांची मागणी करणारी पत्रे आली. तेव्हापासून पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मला दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा म्हणून सांगत आहे. पण जिथे जावे तिथे मोबाईल क्रमांक मागतात. मुलगा म्हणतो, माझा नंबर घाला. तसे करावे, की आता मोबाईल घेण्यावाचून गत्यंतर नाही?

उत्तर : मोबाईल घेण्याची गरज नाही, आणि मुलाचा क्रमांकही कृपया घालू नका. दुसऱ्या गोष्टीचे कारण आधी सांगतो, कारण असंख्य घरांत नेमके हेच केले जाते. मुलाचा क्रमांक घातला, की प्रत्येक वेळी कोड पुण्याला जाणार, मुलगा कचेरीच्या बैठकीत असणार, आणि आपण लँडलाईनजवळ बसून तो फोन करून आकडे सांगण्याची वाट पाहणार. गैरसोय तर झालीच. पण त्याहून वाईट म्हणजे फोनवरून कोड सांगण्याची आणि ऐकण्याची घरातल्या माणसांना सवय लागते. ठकसेन नेमके तेच मागत असतात. ज्या घरात कोड कधीच तोंडाने सांगितला जात नाही, त्या घरात ‘बँकेतून बोलतोय, आत्ता आलेला आकडा सांगा’ असे कोणी म्हणाले तर ते वाक्य लगेच खटकते.

आता मूळ मुद्दा. पासवर्ड म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, आणि दुसरा टप्पा म्हणजे आपल्याजवळ असलेली गोष्ट. मोबाईल ही अशा वस्तूंपैकी केवळ एक, बहुतेकांच्या खिशात असते म्हणून पुढे केली जाणारी. आपल्या देशात तर दुसरा टप्पा म्हणजे मोबाईलवर येणारा ओटीपी हे समीकरणच झाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने २००९च्या ऑगस्टपासून कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना जादा पडताळणी सक्तीची केली आणि तेव्हापासून लोकांची या कल्पनेशी ओळख बँकेच्या एसएमएसमधूनच झाली. प्रत्यक्षात एसएमएसचा कोड हा या सगळ्या प्रकारांतला सर्वांत कच्चा प्रकार आहे. खोटी कागदपत्रे दाखवून दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड काढून घेता येते, आणि एकदा ते हाती आले की कोडही त्याच हाती जातात.

आपल्यासाठी योग्य मार्ग संगणकावर कोड तयार करण्याचा आहे. याची रीत २०११ साली प्रमाणित झाली आणि ती इतकी साधी आहे, की समजून घेतली तर पुढे घोटाळा होत नाही. आपल्या गावातल्या दोन घरांत एकच पंचांग टांगलेले असेल, तर पुढची एकादशी कधी आहे हे विचारण्यासाठी एका घराला दुसऱ्या घरी माणूस पाठवावा लागत नाही. दोघेही आपापल्या भिंतीकडे पाहतात आणि उत्तर एकच येते. इथेही तसेच आहे. सुरुवातीला एकदाच गूगल आणि आपला संगणक यांच्यात एक गुप्त अक्षरमाला वाटून घेतली जाते. त्यानंतर दोघेही ती अक्षरमाला आणि त्या क्षणीची वेळ घेऊन आपापल्या जागी गणित करतात आणि दोघांकडेही तोच सहा आकडी कोड तयार होतो, जो दर ३० सेकंदांनी बदलतो. कोड कुठून येत नाही, त्यामुळे रेंज, सिमकार्ड, इतकेच काय इंटरनेटदेखील तो तयार करण्यासाठी लागत नाही. फरक एवढाच, की पंचांग साऱ्या गावाला उघडे असते आणि ही अक्षरमाला मात्र दोघांपलीकडे कोणाला दिसता कामा नये.

हे गणित करणारे प्रोग्रॅम अनेक आहेत. मी स्वतः कीपासएक्ससी वापरतो आणि तोच सुचवीन. तो विनामूल्य आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, आणि आपली सारी माहिती आपल्याच संगणकावरील एका कुलूपबंद फाइलीत ठेवतो. ही शेवटची बाब मला महत्त्वाची वाटते. ऑथी नावाच्या एका लोकप्रिय प्रोग्रॅमची संगणकावरील आवृत्ती तिच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि तिच्यातून आपले कोड दुसरीकडे नेण्याची सरळ सोय नसल्यामुळे अनेकांना प्रत्येक खात्याची जोडणी नव्याने करावी लागली. फाइल आपल्या हातात असेल, तर उद्या प्रोग्रॅम बदलला तरी हरकत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. कीपासएक्ससीमध्ये नवी फाइल तयार करा आणि तिला लांब मुख्य पासवर्ड द्या; चार-पाच असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी लिपीत एकापुढे एक लिहिले तरी चालतील, मात्र ते एखाद्या अभंगाची ओळ नसावेत. मग गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन दोन टप्प्यांच्या पडताळणीखालील ‘ऑथेंटिकेटर’ हा पर्याय उघडा. पूर्वी गूगल इथे पोचण्याआधीच फोन क्रमांक मागत असे. मे २०२४ पासून ऑथेंटिकेटर (म्हणजे असा कोड तयार करणारा प्रोग्रॅम) किंवा सिक्युरिटी की (यूएसबीत घालायची छोटी किल्ली, तिच्याविषयी पुढच्या उत्तरात) आधी जोडून मग पडताळणी सुरू करता येते, तेव्हा मोबाईल क्रमांकाच्या रकान्याकडे दुर्लक्ष करून थेट इकडे यावे. पडद्यावर मोबाईलने टिपण्याचा चौकोनी क्यूआर कोड दिसेल. त्याच्या खाली, तो टिपता येत नसल्यास म्हणून, एक छोटा दुवा असतो. त्यावर क्लिक केले, की चार-चार अक्षरांच्या गटांत लिहिलेली ३२ अक्षरांची माला दिसते. हीच ती गुप्त अक्षरमाला. ती कॉपी करून घ्या, कीपासएक्ससीमध्ये गूगलच्या नावाची नोंद करा, त्या नोंदीवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘टीओटीपी’ (वेळेवरून तयार होणारा कोड) या शीर्षकाखालील ‘सेट अप’ निवडा, आणि माला तिथे चिकटवा. बाकीची मांडणी आहे तशीच ठेवा. आता त्या नोंदीतून सहा आकडे मिळू लागतील. ते गूगलच्या पानावर एकदा भरून दाखवावे लागतात. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : ऑथेंटिकेटर जोडला म्हणजे पडताळणी सुरू झाली असे नव्हे. ती सुरू करण्याचे बटण वेगळे आहे आणि ते आठवणीने दाबावे लागते.

ती माला कागदावर हाताने उतरवून ठेवावी, असा माझा आग्रह आहे; संगणक बिघडला तर नव्या संगणकावर तीच पुन्हा घालता येते आणि तेच कोड सुरू होतात. उतरवताना एवढे ध्यानात ठेवा, की या मालेत इंग्रजी अक्षरे आणि २ ते ७ हे आकडे एवढेच असतात. शून्य, एक, आठ आणि नऊ कधीच येत नाहीत. म्हणजे जे गोल दिसेल ते ‘ओ’ हे अक्षरच समजावे.

आपण शिक्षक आहात, तेव्हा एक शंका आपल्या मनात आलीच असेल : पासवर्डही याच संगणकात आणि कोडही याच संगणकात, मग टप्पे दोन कसे? शंका रास्त आहे. सभासदाच्या खात्यात जो प्रकार झाला असावा, म्हणजे दूरवरच्या कोणा माणसाच्या हाती पासवर्ड लागून त्याने तो वापरला, त्याच्याविरुद्ध हा उपाय पुरेसा आहे, कारण त्या माणसाजवळ आपली फाइल नाही. उलट कोणी आपला संगणकच पळविला आणि फाइल उघडी असली, किंवा संगणकात व्हायरस शिरला, तर दोन्ही टप्पे एकदम जातात. म्हणून जीमेलचा पासवर्ड त्या फाइलीत ठेवू नका. तो डोक्यात ठेवा किंवा सरळ वहीत लिहून कपाटात ठेवा. वहीत पासवर्ड लिहू नये असे सांगणारे तज्ज्ञ पुष्कळ भेटतील. परदेशात बसलेला ठग आपल्या कपाटातील वही वाचू शकत नाही, एवढे त्यांना नम्रपणे सांगावे.

पडताळणी सुरू झाली, की त्याच विभागातून गूगलचे दहा बॅकअप कोड मागून घेता येतात. प्रत्येक कोड आठ आकडी असतो आणि एकदाच चालतो. हे कोड म्हणजे मोबाईल नसलेल्या माणसाची खरी पुंजी आहे, आणि लोक सर्वाधिक हेळसांड त्यांचीच करतात. मीही केली. काही वर्षांपूर्वी मी ते शाईच्या प्रिंटरवर छापून खिडकीखालच्या खणात ठेवले होते. जुलैअखेरीस संगणक बंद पडला म्हणून कागद काढला, तर गोव्याच्या पावसाळ्याने त्यावर निळ्या ढगांचे चित्र काढून ठेवलेले होते. दहांपैकी तीनच कोड वाचता आले आणि त्यांतलाही एक मी आधीच वापरलेला निघाला. तेव्हापासून मी ते बॉलपेनने, जाड कागदावर, मोठ्या आकड्यांत लिहितो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून जमिनीच्या फॉर्म एक व चौदाच्या उताऱ्याशेजारी लोखंडी कपाटात ठेवतो. दुसरी प्रत दुसऱ्या घरी असावी. आपल्या बाबतीत ती पुण्याला मुलाकडे बंद लिफाफ्यात ठेवता येईल. मुलाची मदत घ्यायची ती अशी. कीपासएक्ससीच्या फाइलीची प्रतही एका पेनड्राइव्हवर घेऊन तिथेच ठेवावी.

लँडलाईनचेही विचारले आहे असे समजून सांगतो. काही सेवा एसएमएसऐवजी फोन करून कोड बोलून दाखवितात आणि तो लँडलाईनवरही ऐकता येतो. सोय चांगली आहे. परंतु पावसात झाड पडून आठ-आठ दिवस मुकी होणारी तार हा आपला एकमेव मार्ग असू नये.

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आत मोबाईल नेण्यास मनाई आहे. तो फाटकावर जमा करावा लागतो. कामाच्या ईमेल खात्याला मात्र कंपनीने दुसरा टप्पा सक्तीचा केला आहे. आमच्या लेखापालांकडे पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक वस्तू आहे, ती लावून ते कागदपत्रांवर डिजिटल सही करतात. तीच वस्तू मला वापरता येईल का?

उत्तर : ती नव्हे, पण तिच्याच कुळातील दुसरी. लेखापालांची वस्तू म्हणजे डिजिटल सहीचे टोकन. त्यात त्यांच्या नावाचे प्रमाणपत्र असते आणि ते सरकारी पोर्टलवर सही करण्यासाठी असते. आपल्याला हवी आहे ती ‘सिक्युरिटी की’. युबिको कंपनीची युबिकी हे त्यातले सर्वांत परिचित नाव, गूगलची टायटन ही दुसरी. घेताना खोक्यावर ‘फिडो २’ (अशा कींसाठीच्या मानकाचे नाव) लिहिलेले आहे ना, आणि आपल्या संगणकाचे भोक जुन्या रुंद यूएसबीचे आहे की नव्या सी प्रकारचे, हे दोन्ही पाहावे. किंमत काही हजारांत जाते, आणि घ्यायच्या त्या दोन. एक रोजची आणि एक घरी ठेवायची. एकच घेऊन काटकसर करणे म्हणजे घराची एकुलती एक चावी गळ्यात बांधून समुद्रात पोहायला जाणे आहे.

वापर अगदी सोपा आहे. पासवर्ड भरल्यावर की यूएसबीत घालायची आणि तिच्यावरील धातूच्या चकतीला बोट लावायचे. आकडे टंकावे लागत नाहीत. पण तिचे खरे मोल सोयीत नाही. सहा आकडी कोड हा माणूस वाचतो आणि टंकतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावरही तो टंकला जाऊ शकतो आणि पलीकडचा ठग ३० सेकंदांच्या आत तो खऱ्या पानावर वापरून मोकळा होतो. की मात्र पान कसे दिसते याकडे पाहतच नाही. नोंदणीच्या वेळी ती त्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधली जाते, आणि ब्राउझरने दिलेला पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी तिच्याकडून उत्तर मिळत नाही. आपले डोळे फसले तरी ती फसत नाही. गूगलने आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना २०१७ च्या सुरुवातीपासून अशा की सक्तीच्या केल्या, आणि त्यानंतर त्यांपैकी कोणाचेही कामाचे खाते अशा फसवणुकीतून गेल्याची नोंद नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले होते. हीच पद्धत २०१९ साली वेबचे अधिकृत मानक झाली, त्यामुळे आजचे सारे प्रमुख ब्राउझर ती ओळखतात.

खरेदीपूर्वी मात्र कारखान्याच्या संगणक विभागाला विचारा. औषध कारखान्यांत माहिती बाहेर जाऊ नये म्हणून यूएसबीची भोके बंद केलेली असतात. की ही पेनड्राइव्ह नसते, तिच्यावर एकही फाइल ठेवता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतेच, पण परवानगी त्यांनीच द्यायला हवी. की हरवली तर घाबरून जाऊ नका : तिच्यावर आपले नाव वा पासवर्ड लिहिलेला नसतो, आणि तिला पिन लावला असेल तर आठ वेळा चुकीचा पिन घातल्यावर ती बंद होते. घरची की वापरून खात्यात शिरावे आणि हरवलेलीची नोंद काढून टाकावी.

प्रश्न : आम्ही बार्देशात राहतो. माझा मुलगा बोटीवर नोकरीला आहे आणि एकदा गेला की सात-आठ महिने परतत नाही. तिथे इंटरनेट मिळते, पण इथले सिमकार्ड चालत नाही, म्हणून ना ईमेलचा कोड येतो ना बँकेचा ओटीपी. मागच्या खेपेस तर त्याचा नंबरच बंद झाला. पुढच्या महिन्यात तो पुन्हा निघणार आहे. निघण्यापूर्वी काय करावे?

उत्तर : ताई, ईमेलचा प्रश्न निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सुटण्यासारखा आहे, बँकेचा तितका सोपा नाही.

ईमेलसाठी वर सत्तरीच्या वाचकांना सांगितलेली रीतच लागू आहे. कोड तयार करणारे ॲप त्याच्या फोनमध्येही चालेल, कारण त्याला फोन लागतो, सिमकार्ड नाही. भर समुद्रात, इंटरनेट बंद असतानाही आकडे तयार होतात. मात्र फोन पाण्यात पडू शकतो, म्हणून लॅपटॉपवरही तीच अक्षरमाला घालून ठेवावी आणि बॅकअप कोडांचा एक कागद त्याने सीमन बुक ठेवतो त्या पाकिटात ठेवावा. हे झाल्यावर, आणि झाल्यावरच, ईमेल खात्यातून जुना मोबाईल क्रमांक काढून टाकावा. तो काढण्याचे कारण गंभीर आहे. प्रीपेड क्रमांकाचा ९० दिवस काहीच वापर झाला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. त्या सिमकार्डावर किमान २० रुपये शिल्लक असल्यास ते कापून मुदत वाढविण्याची सोय नियमांत आहे. बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो. आपल्या मुलाच्या ईमेलशी तो क्रमांक अजून जोडलेला असेल, तर खाते पुन्हा मिळविण्याचे कोड कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातील. तो माणूस सज्जन असेल अशी आशा ही काही सुरक्षा नव्हे. तेव्हा मुलगा बोटीवर असताना घरून त्याच्या चालू क्रमांकाचे रिचार्ज वेळच्या वेळी करत राहा.

बँकेचे वेगळे आहे. बँकेच्या खात्याला आपण आपल्या मनाने कीपासएक्ससी किंवा युबिकी लावू शकत नाही. बँक जो मार्ग देईल तोच घ्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात, दोन टप्पे आवश्यक ठेवले आहेत पण एसएमएसचाच हट्ट धरलेला नाही. तरी कोणता पर्याय द्यायचा हे ज्या त्या बँकेने ठरवायचे आहे. म्हणून मुलाने शाखेत स्वतः जाऊन परदेशी मुक्कामात ओटीपी ईमेलवर मिळतो का, बँकेच्या ॲपमध्येच मंजुरी देता येते का, आणि परदेशी क्रमांक नोंदविता येतो का, हे तीन प्रश्न विचारावेत व उत्तर लेखी घ्यावे. खाते अनिवासी प्रकारचे असेल, तर या सोयी मिळण्याची शक्यता अधिक असते. ओटीपी ईमेलवर येऊ लागला, की त्या ईमेलची कडी पक्की असणे दुप्पट गरजेचे होते, हे वेगळे सांगायला नको.

आधारच्या बाबतीत तर पळवाट नाहीच. आधारचा ओटीपी नोंदविलेल्या मोबाईलवर जातो. तो नसेल तर बोटाच्या ठशाने होणारी कामे प्रत्यक्ष जाऊन करावी लागतात. आयकराच्या पोर्टलवर मात्र आधार ओटीपीवाचूनही चालते : तिथे ई-फाइलिंग व्हॉल्ट नावाची सोय आहे, तिच्यात नेटबँकिंगमधून किंवा डिजिटल सहीच्या टोकनाने प्रवेश करण्याचा पर्याय लावून ठेवता येतो. विवरणपत्राची मुदत जवळ आल्यावर हे करायला बसू नये.

प्रश्न : मी पणजीत शिकणारी विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे स्वतःचा संगणक नाही आणि फोन जुना, बटणांचा आहे. ईमेल मी पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयातील किंवा महाविद्यालयातील संगणकावर पाहते. माझ्यासाठी काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो कागदाचा आहे. महाविद्यालयातील एखाद्या विश्वासू प्राध्यापकांच्या किंवा मैत्रिणीच्या घरच्या संगणकावर बसून एकदा पडताळणी सुरू करून घ्यावी आणि बॅकअप कोड वहीत उतरवून घ्यावेत. बटणांच्या फोनवर एसएमएस येतो, त्यामुळे सुरुवातीला तो क्रमांक घालण्यास हरकत नाही. आपण मघाशी कच्चा म्हटला तो प्रकारही काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ बरा. कोड वापरताना संपूर्ण कागद बरोबर नेऊ नका. त्या दिवशी लागतील ते दोन कोड चिठ्ठीवर लिहून न्यावेत आणि वापरलेला लगेच खोडावा. दहांपैकी दोन-तीन उरले, की खात्यातून नवा संच तयार करावा; तो तयार होताच जुने उरलेले कोड रद्द होतात, तेव्हा जुना कागद फाडायला विसरू नये, नाहीतर ऐन वेळी नेमका तोच हाती येतो.

सार्वजनिक संगणकावर ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडूनच काम करावे, ‘या संगणकावर पुन्हा विचारू नका’ ही खूण काढून टाकावी, आणि उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे. कृष्णदास शामा यांच्या नावाचे ते ग्रंथालय १८३२ पासून चालू आहे आणि तिथले कर्मचारी साहाय्यास तत्पर असतात. तरी त्यांना किंवा शेजारी बसलेल्याला पासवर्ड टंकायला सांगू नये. चार पैसे साठले, की सर्वप्रथम सिक्युरिटी की घ्या. दुसऱ्याच्या संगणकावर काम करणाऱ्याला तिचा उपयोग आमच्यासारख्यांपेक्षा अधिक आहे.

प्रश्न : फोंड्याहून लिहितो. आपण पूर्वी सांगितल्याप्रमाणे संगणकावर कोडची सोय केली आणि दोन महिने ती उत्तम चालली. आता वीज जाऊन आली, की हटकून कोड चुकीचा असल्याचा संदेश येतो. दुसऱ्या दिवशी कधी आपोआप चालू लागतो, कधी नाही. अक्षरमाला बदलून पाहावी का?

उत्तर : अक्षरमालेला हात लावू नका; घड्याळ पाहा. पडद्याच्या कोपऱ्यात वीज आल्यानंतर कोणती तारीख दिसते? बहुधा काही वर्षे मागची दिसेल. संगणक बंद असताना वेळ जपण्यासाठी आत नाण्याएवढी एक बॅटरी असते. संगणक जुना झाला की ती संपते, आणि वीज गेली की घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेवर जाते. कोडचे गणित वेळेवर चालत असल्याने घड्याळ एक-दोन मिनिटे जरी चुकले, तरी आपले आकडे आणि पलीकडचे आकडे जुळत नाहीत. इंटरनेट जोडल्यावर संगणक कधी स्वतःहून वेळ सुधारतो, म्हणून आपल्याला तो प्रकार कधी चालणारा, कधी न चालणारा असा वाटला.

तात्पुरता उपाय म्हणजे विंडोजच्या तारीख-वेळेच्या मांडणीत जाऊन वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू करणे आणि तिथलेच ‘सिंक नाऊ’ हे बटण दाबणे. त्याच पानावर टाइम झोन भारताचा, म्हणजे साडेपाच तास पुढचा आहे ना, हेही पाहावे. तो चुकलेला असताना घड्याळ हाताने बरोबर केले, तर पडद्यावर वेळ बरोबर दिसते आणि कोड मात्र चुकतात, कारण गणित जागतिक वेळेवर होते. कायमचा उपाय बॅटरी बदलण्याचा. टेबलावरील संगणकात बहुधा सीआर २०३२ क्रमांकाची बॅटरी असते, ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणकाची वायर काढून, जुनी बॅटरी कोणत्या बाजूने वर होती ते पाहून, नवी तशीच बसवावी. हे होईपर्यंत खात्यात शिरायची घाई असेल, तर कपाटातील बॅकअप कोड वापरा. त्यांना घड्याळ लागत नाही.